महू छावणी परिषदेस खुले पत्र : काळ्या पलटणीच्या नोंदी कुठे आहेत?

प्रति,
महू छावणी परिषदेचे अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी व सर्व सदस्य,
तसेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जन्मभूमी स्मारकाची व्यवस्था पाहणारे पदाधिकारी यांस,

सविनय जय भीम आणि नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात राहणारी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. हे पत्र मी मराठीत लिहीत आहे, कारण दर वर्षी १४ एप्रिलला तुमच्या गावात उतरणाऱ्या लोकांमध्ये मराठी बोलणाऱ्यांची संख्या फार मोठी असते आणि मी जे मागणार आहे ते त्यांच्याही वतीने मागणार आहे. याच पत्राची हिंदी प्रत मी टपालाने वेगळी पाठवली आहे.

आमच्या घरात पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवलेला एक कागद आहे. तो माझ्या पणजोबांचा, पलटणीतून नाव कमी झाल्याचा दाखला. वय, उंची, वर्तणूक चांगली असल्याचा शेरा आणि कोणा साहेबाची तिरकी सही एवढे त्यावर अजून वाचता येते. मात्र घडीवर घडी पडून कागद नेमका पलटणीच्या क्रमांकावरच विरला आहे, त्यामुळे ते कोणत्या पलटणीत होते हे आम्हाला आजतागायत ठाऊक नाही. ठिकाणाच्या रकान्यात इंग्रजी चार अक्षरे आहेत : एम, एच, ओ, डब्ल्यू. माझे वडील ती 'म्हो' अशी वाचत. मी सातवीत असताना आमच्या गुरुजींनी नकाशावर इंदूरच्या खाली बोट टेकवून दाखवले, की हे म्हो म्हणजे महू, आणि आपले बाबासाहेब जन्मले ते गाव हेच. त्या दिवशी घरी येऊन मी तो कागद पुन्हा उलगडला. माझे आजोबा तिथल्याच लायनीत, म्हणजे शिपायांच्या वस्तीत, जन्मले, बाबासाहेबांच्या आधी दोन-तीन वर्षे, असे आजी सांगत असे. दोन्ही घरांची ओळख होती असा दावा आमच्या घरात कोणी कधी केला नाही आणि मीही करत नाही. कोकणातल्या अशा कितीतरी घरांतली माणसे त्या लायनींत, महूच्या 'काली पलटण' या वस्तीत राहिली, तिथे त्यांची मुले जन्मली, काही तिथेच वारलीही. त्या माणसांचा इतिहास महूमध्ये जागेवर सांगितला जावा आणि त्यांच्या नोंदी जिथे कुठे उरल्या असतील तिथून गोळा करून जपल्या जाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

महू हे नाव 'मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर' या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले, असे आजही गावात रिक्षावालेसुद्धा छातीठोकपणे सांगतात. ते खरे नाही. महू नावाचे खेडे तिथे छावणीच्या आधीपासून होते. इंग्रजांनी फक्त त्याचे स्पेलिंग आपल्या जिभेप्रमाणे केले. ही चूक मला क्षुल्लक वाटत नाही, कारण या व्युत्पत्तीत गाव जणू इंग्रजांनी माळरानावर शून्यातून निर्माण केले असे गृहीत धरलेले आहे. प्रत्यक्षात छावणी जन्मली ती एका मराठी राज्याच्या पराभवातून. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूर येथे होळकरांच्या सैन्याचा पराभव झाला. लढाईच्या आदल्याच दिवशी, राज्याचा कारभार पाहणाऱ्या तुळसाबाई होळकर यांची त्यांच्याच छावणीत हत्या झाली होती. पाठोपाठ ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला. अल्पवयीन मल्हारराव होळकर (तिसरे) यांच्या वतीने झालेल्या या तहाने राजपूत राज्यांवरील हक्क गेले, खानदेशासह सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, इंदूरला इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातील प्रतिनिधी, बसला आणि होळकरांच्या राज्यात इंग्रजी फौज ठेवण्याची तजवीज झाली. त्याच वर्षी सर जॉन माल्कम यांनी इंदूरपासून सुमारे २३ किलोमीटरवर महूला छावणी घातली. जागा फार विचाराने निवडलेली होती. माळव्याच्या पठाराची ती दक्षिण कड आहे. तिथून पुढे घाट उतरला की नर्मदेचे खोरे लागते. राजधानीवर एका दिवसाच्या चालीत पोहोचता येईल आणि दक्षिणेची वाटही हाताखाली राहील, अशी ती मोक्याची जागा.

मंदसौरच्या तहाच्या पाचच दिवस आधी, १ जानेवारी १८१८ रोजी, भीमेच्या काठी कोरेगावला जी लढाई झाली ती आम्हाला पाठ असते. तिथल्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत 'नाक' हा महारांच्या नावांना लागणारा प्रत्यय असलेली २२ नावे आहेत. कोरेगाव आणि मंदसौर या एकाच युद्धाच्या दोन बाजू आहेत. कोरेगावची लढाई झाली त्याच आठवड्यात होळकरशाहीचे दात काढले गेले. कोरेगावच्या शिपायांची नावे दगडावर राहिली म्हणून आज दोनशे वर्षांनीही त्यांच्याविषयी बोलता येते. महूच्या शिपायांची नावे कुठेच कोरलेली नाहीत.

आता मी ज्या प्रश्नाने हे सारे वाचू लागले तो प्रश्न मांडते. मंडणगड तालुक्यातील आंबडवे या गावच्या सकपाळांचा मुलगा माळव्यात कसा जन्मला? स्मारकाच्या आवारात मी हा प्रश्न अनेकांना विचारला. "वडील लष्करात होते" एवढेच उत्तर येते. ते बरोबर आहे, पण पुरेसे नाही. मुंबई इलाख्याच्या सैन्यातील माणूस महूला का असावा, याचे उत्तर १८५७ मध्ये आहे आणि ते उत्तर तुमच्या गावाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण आहे.

१ जुलै १८५७ रोजी सकाळी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. होळकरांच्या फौजेतील सआदत खान यांचे नाव त्यात अग्रभागी येते. रेसिडेन्सीचा प्रमुख कर्नल ड्युरंड सीहोरच्या दिशेने निघून गेला. ही बातमी महूला पोहोचली तेव्हा तिथे बंगाल सैन्याची २३ वी देशी पायदळ पलटण, बंगालच्याच पहिल्या घोडदळाची एक तुकडी आणि गोऱ्या गोलंदाजांचा एक तोफखाना एवढी फौज होती. त्या रात्री पायदळ आणि घोडदळ दोन्ही उठले. आपल्या शिपायांवर विश्वास ठेवणारा कर्नल प्लॅट त्यांची समजूत काढायला घोड्यावरून लायनीकडे गेला आणि तिथेच मारला गेला. कॅप्टन फॅगन आणि मेजर हॅरिस हेही त्या रात्री मरण पावले. कॅप्टन हंगरफर्डने तोफखान्याच्या बळावर छोटा किल्ला धरून ठेवला. उठलेले शिपाई इंदूरकडे निघून गेले. ऑगस्टच्या आरंभी मुंबई इलाख्याची फौज महूला येऊन पोहोचली आणि तेव्हापासून या छावणीचा चेहरा बदलला. बंगालच्या शिपायावरचा भरवसा उडाला होता. पुढची कित्येक दशके महू ही मुंबईच्या सैन्याची छावणी राहिली. कोकण, देश, मुंबई, पुणे इथली माणसे माळव्याच्या या पठारावर येऊ लागली ती त्यामुळे.

इथे एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, जरी ती सांगताना मन जड होते. जानेवारी १८५८ मध्ये सर ह्यू रोझची फौज दोन भागांत झाशीच्या वाटेला लागली. दुसरी ब्रिगेड सीहोरहून आणि पहिली ब्रिगेड महूहून. या फौजेत मुंबईच्या देशी पायदळाच्या पलटणी होत्या, मुंबईचे सॅपर, म्हणजे खंदक-सुरुंगाचे काम करणारे शिपाई, होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाशी पडली. किल्ल्यात मराठी राणी होती आणि तटाला शिड्या लावणाऱ्या फौजेतही मराठी बोलणारी माणसे होती. आमच्यापैकी काहींना हे लपवावेसे वाटते आणि काहींना त्याचा हत्यार म्हणून उपयोग करावासा वाटतो. मला दोन्ही मान्य नाही. ज्या माणसाला गावात विहिरीवर पाणी मिळत नव्हते, त्याला पलटणीत अंगावर कपडा, महिन्याचा पगार आणि म्हातारपणी पेन्शन मिळत होते. तो कोणाच्या बाजूने का लढला, हे समजून घ्यायचे तर त्याच्या आयुष्याची साधने समोर हवीत. ती नसली म्हणजे प्रत्येक जण आपल्याला हवा तसा शिपाई उभा करतो.

१८५७ नंतर इंग्रजांनी तोफखाना जवळजवळ संपूर्ण गोऱ्यांच्या हाती ठेवला, गोऱ्या सैनिकांचे प्रमाण वाढवले आणि छावण्यांचा कारभार कायद्याने बांधून घेतला. १८६४ च्या छावणी कायद्याने स्वच्छता, बाजार, दारूची दुकाने यांच्याबरोबर गोऱ्या पलटणींच्या बाजारातील वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी यांनाही वाट करून दिली. या स्त्रियांविषयी छावण्यांच्या इतिहासात कोणी चार ओळीही लिहीत नाही, म्हणून इथे त्यांचा उल्लेख करते. छावणीभोवती सदर बाजार वाढला. पलटणींमागोमाग पारशी, बोहरी, मारवाडी व्यापारी आले. भिस्ती, धोबी, मेहतर, खानसामे, घोड्यांचे मोतद्दार आले. १८७० च्या दशकात खांडव्याहून नर्मदा ओलांडून घाटातून महू-इंदूरकडे मीटरगेज लोहमार्ग आला. त्यासाठी महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी इंग्रज सरकारला १ कोटी रुपयांचे कर्ज दिले होते. पाताळपाणीच्या त्या घाटातून मी पहिल्यांदा आले तेव्हा कालाकुंडच्या छोट्या स्टेशनावर पळसाच्या पानात कलाकंद विकायला आला होता आणि डब्यातील विदर्भाच्या बायाबापड्या तो जन्मभूमीचा पहिला प्रसाद म्हणून वाटून खात होत्या. माझी पणजी याच मार्गाने आली असणार, कडेवर पोर घेऊन, या विचाराने मला तो घास गिळवेना.

आणि आता पलटणीच्या शाळेविषयी. माझ्या दृष्टीने महूच्या इतिहासाचे मर्म या शाळेत आहे. कंपनी सरकारच्या काळापासून मुंबईच्या सैन्यात देशी शिपायांना आणि त्यांच्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवण्याची सोय होती. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ पुण्याच्या लष्करी अध्यापन शाळेत शिकले आणि पुढे लष्करी शाळेत सुमारे १४ वर्षे मुख्याध्यापक राहिले. त्यांचे वडील मालोजी हेही सैन्यातच होते. पत्नी भीमाबाई यांचे मुरबाडकरांचे माहेरही सुभेदारांचे. म्हणजे हे घर दोन्ही बाजूंनी छावणीत वाढलेले, वाचणारे, कबीराचे दोहे म्हणणारे घर होते. मी ३२ वर्षे पोरांना बाराखडी शिकवली आहे, त्यामुळे एका गोष्टीचे मोल मला नेमके कळते : ज्या घरात बापाच्या हातात रोज पाटी-पुस्तक दिसते त्या घरातील मूल शाळेच्या पायरीवर पोहोचण्याआधीच अर्धे शिकलेले असते. बाबासाहेब १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मले ते अशा घरात, चौदावे अपत्य म्हणून. महूने देशाला काय दिले, असे विचारले तर सगळे त्या जन्माकडे बोट दाखवतात. मी त्याबरोबर त्या शाळेकडेही बोट दाखवीन. ती शाळा महूमध्ये नेमकी कुठे भरत होती, हे मी दोन वेळा येऊन शोधले. मला ती जागा कोणी दाखवू शकले नाही.

या कथेला एक दुसरी कडा आहे. बाबासाहेबांच्या जन्मानंतर वर्षभरातच, १८९२ च्या सुमारास, महारांची सैन्यभरती बंद झाली. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना 'लढाऊ जाती' हा विचार सैन्यात बोकाळला होता. उत्तरेकडच्या काही जातीच काय त्या लढवय्या आणि दक्षिणेकडची माणसे सैन्याला नालायक, असे त्या विचाराने ठरवून टाकले. चार-चार पिढ्या पलटणीत घालवलेल्या घरांना एका फर्मानाने सांगण्यात आले, की तुमचा मुलगा आता शिपाई होऊ शकत नाही. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी याविरुद्ध अर्ज तयार केला, तो दापोलीत बसून. कारण आमची दापोली, जिला जुनी माणसे अजूनही 'काँप दापोली' म्हणतात, हीदेखील १८१८ नंतर वसलेली इंग्रजांची छावणी होती आणि फौज हलल्यावरही पेन्शनर तिथेच राहिले होते. त्याच दापोलीत महार पेन्शनरांना आपल्या मुलांसाठी शाळेचे दार उघडून घ्यायला झगडावे लागले. लायनीतील शाळेत जो बाप मास्तर होता, त्याच्या मुलाला गावातील शाळेत आत बसू देत नव्हते. छावणीच्या आतील आणि बाहेरील जगातला हा फरक ज्याला कळत नाही, त्याला पुढचे महाडचे चवदार तळे काय होते हेही पुरते कळणार नाही, असे माझे मत आहे. रामजी निवृत्त झाल्यावर हे कुटुंब महूहून दापोलीला आणि तिथून साताऱ्याला, पुन्हा एका छावणीच्या गावात गेले. भीमाबाई तिथे वारल्या.

भरतीचे दार कायमचे उघडायला जवळजवळ अर्धे शतक गेले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. आज त्या रेजिमेंटचे केंद्र तुमच्याच राज्यात, सागरला आहे.

साताऱ्याचे नाव आले आहे तर एक उदाहरण देते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका मुलाचा प्रवेश झाला. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर त्याचे नाव आहे, 'भिवा' असे. ते रजिस्टर शाळेने जपले. त्या एका ओळीमुळे आज महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मी माझ्या वर्गातील मुलांना घेऊन साताऱ्याला गेले होते, तेव्हा एका मुलीने विचारले होते, "बाई, म्हणजे ते आमच्यासारखेच हजेरीत होते?" हजेरीतील एक ओळ मुलाच्या मनात काय करते ते मी त्या दिवशी पाहिले. तशी एक ओळ महूमध्ये असू शकेल. लायनीतील घरांची यादी, शाळेच्या मुलांची यादी, पेन्शन वाटपाची वही, दवाखान्याची नोंद, काहीही.

हे शोधायचे कुठे, हा प्रश्न आहे खरा. काही वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात गेले आणि जुन्या नोंदवह्यांविषयी विचारले. तिथल्या माणसाने मान वर न करता सांगितले, की तसे काही नसते, दिल्लीला लिहा. मी दिल्लीलाही लिहिले. उत्तर आले नाही. त्या माणसावर माझा राग नाही, त्याला कोणी कधी हे विचारलेच नसेल. पण यातील एक विषमता मला सलते. मुंबई इलाख्यातील गोऱ्या शिपायाचे मूल महूच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेई, तेव्हा त्याची नोंद होई आणि तिची प्रत विलायतेला जाई. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात अशा बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या आणि दफनांच्या नोंदी आजही शोधता येतात. ज्याचा पणजोबा महूला साधा गोरा शिपाई होता, तो माणूस इंग्लंडात घरी बसून आपल्या आजोबाची जन्मतारीख काढू शकतो. माझा पणजोबा त्याच छावणीत, त्याच सरकारचा शिपाई होता आणि मला माझ्या आजोबांचे जन्मवर्षसुद्धा नक्की सांगता येत नाही.

महूमधील 'काली पलटण' हे नावच पाहा. छावणीने माणसांची विभागणी कातडीच्या रंगावर केली होती आणि वस्तीच्या नावात ती विभागणी गोठून राहिली. त्या वस्तीत आज पांढऱ्या संगमरवराचे देखणे स्मारक उभे आहे. १४ एप्रिल १९९१ रोजी, जन्मशताब्दीला, त्याची पायाभरणी झाली आणि २००८ मध्ये ते पूर्ण होऊन लोकांसाठी खुले झाले. ते उभे राहावे म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या त्यांचे ऋण मोठे आहे. २००३ मध्ये गावाला डॉ. आंबेडकर नगर हे नाव मिळाले, स्टेशनावर ते झळकते, हेही आम्हाला अभिमानाचे आहे. तरीही स्मारकातून बाहेर पडून मी रस्त्यावर उभी राहिले तेव्हा मला कळेना, की इथे लायनी कशा होत्या, घरे किती होती, पाणी कुठून आणत, परेडचे मैदान कोणत्या बाजूला होते. एका बाजूला लष्कराच्या नामांकित संस्था आहेत, इन्फंट्री स्कूल आहे, दूरसंचार अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे, आर्मी वॉर कॉलेज आहे आणि त्यांच्या परंपरेचा इतिहास नीट सांगितला जातो. दुसऱ्या बाजूला एका महापुरुषाच्या जन्माचे स्मारक आहे. या दोहोंच्या मधला दुवा म्हणजे ती पलटण, आणि तीच कुठे दिसत नाही. त्यामुळे लष्करात येणाऱ्या तरुण अधिकाऱ्याला स्मारक हे आपल्या इतिहासाबाहेरचे वाटत असेल आणि आमच्या यात्रेकरूला छावणी परकी वाटते.

म्हणून माझी पहिली विनंती परिषदेला आहे, आणि ती तातडीची आहे. छावण्यांमधील नागरी वस्तीचा भाग वेगळा काढून तो लगतच्या नगरपालिका-महापालिकांकडे सोपवण्याचे धोरण केंद्र सरकारने हाती घेतले आहे. २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल येथून त्याची सुरुवात झाली. महूची पाळी केव्हा आणि कशी येईल ते येवो, त्या धोरणाच्या बऱ्या-वाईटाविषयी इथे बोलण्याचा माझा हेतू नाही. पण कार्यालये बदलतात तेव्हा कागद कसे हरवतात, हे मी जिल्हा परिषदेच्या नोकरीत डोळ्यांनी पाहिले आहे. एका शाळेचे दप्तर दुसरीकडे नेताना टेम्पोत जागा नाही म्हणून जुन्या वह्या मागे राहिल्या आणि पहिल्या पावसात त्यांचा लगदा झाला. परिषदेकडे जमिनीचे जनरल लँड रजिस्टर असते, बाजाराच्या, इमारतींच्या, जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या असतात. काहीही हलवण्याआधी या सगळ्यांची यादी करावी, छायाचित्रण करावे आणि ती यादी लोकांना पाहू द्यावी. राष्ट्रीय अभिलेखागाराचे प्रादेशिक कार्यालय भोपाळलाच आहे. त्यांचे मार्गदर्शन मिळणे अवघड नसावे. मुंबईच्या पुराभिलेखागारात मुंबई इलाख्याच्या सरकारचे दप्तर आहे. तिथे महूचे काय मिळते, हे पाहण्यासाठी एखाद्या अभ्यासकाला वर्षभराची वृत्ती दिली तरी मोठे काम होईल.

दुसरी विनंती स्मारकाच्या व्यवस्थापनाला आहे. आवारात काली पलटणीचा जुना नकाशा लावावा, लायनी, शाळा, परेडचे मैदान यांच्या जागा अभ्यासकांकडून निश्चित करून घेऊन. त्याशेजारी मंदसौरच्या तहापासून १८९२ च्या भरतीबंदीपर्यंतची हकिगत मराठीत आणि हिंदीत, साध्या भाषेत आणि मोठ्या अक्षरांत लिहावी. त्यात १८५७ च्या रात्री उठलेले शिपाईही असावेत, कर्नल प्लॅटही असावा आणि झाशीला गेलेली ब्रिगेडही असावी. बाबासाहेबांना मानणारा माणूस कडू इतिहास ऐकायला घाबरत नाही. त्यांनीच आम्हाला पुराव्यावर बोलायला शिकवले.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे यात्रेकरूंकडेच जे आहे ते मागून घ्यावे. माझ्यासारख्या अनेकांच्या घरी पेट्यांच्या तळाशी दाखले आहेत, पेन्शनची पुस्तके आहेत, पितळी बिल्ले आहेत, एखादे पदक आहे. मंडणगड, दापोली, खेड, महाड, मुरबाड, सातारा या भागांतून ती मिळतील. दर वर्षी १४ एप्रिलला एक टेबल मांडा, एक माणूस, एक वही आणि कागदाचा फोटो काढण्याची सोय एवढे ठेवा. त्या वहीत पलटणीतील माणसाचे नाव, गाव आणि आठवते ते वर्ष लिहून घ्या. पाच वर्षांत काली पलटणीची हजेरी पुन्हा तयार होऊ लागेल.

माझ्या पणजोबांच्या दाखल्याची छायाप्रत हिंदी पत्रासोबत जोडली आहे. पलटणीचा क्रमांक जिथे होता तिथे फक्त एक आडवे भोक आहे, पण त्यावरील साहेबाच्या सहीवरून किंवा तारखेवरून कोणाला काही ओळखता आले तर कृपा करून कळवावे. येत्या एप्रिलमध्ये मी नातीला घेऊन येणार आहे. ते टेबल तिथे मांडलेले असेल तर मूळ कागद नळकांड्यासकट तुमच्या स्वाधीन करीन आणि वहीतील पहिली ओळ नातीकडून लिहवून घेईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
मंडणगड तालुका, जिल्हा रत्नागिरी